मामांचा उजवा खटका

सपाट रस्ता दिसला की खट्टू होणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. बाकीची माणसं चढ आला की कपाळाला आठ्या घालतात, सायकलवरून खाली उतरतात आणि हँडल धरून चालता चालता रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आमचे मामा चढ दिसला की खुलायचे. टोपी मागं सारायचे, धोतराचा सोगा खोचायचे आणि 'आता कसं' असं म्हणून पायडलवर असा पाय ठेवायचे की बघणाऱ्याला वाटावं हा गृहस्थ आता घोड्यावरून लढाईला निघाला. नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तरी घर, जमीन, विहीर यांची चौकशी नंतर. आधी गावाच्या वाटेवर चढ कसा आहे ते बघून यायचे. माझं स्थळही त्यांनीच आणलं होतं. त्यांनी माझ्या सासऱ्यांकडं माझी जी शिफारस केली ती मला लग्नानंतर बायकोकडून कळली. 'पोरगा उंचीनं बेताचा हाय, पगार बी बेताचाच हाय, पन सायकल उलटी करून धराय लावली तर जागचा हालला न्हाय.' एवढ्या एका गुणावर माझं लग्न ठरलं, आणि पुढं आयुष्यभर मामांच्या घरी गेलो की तोच एक गुण कामाला येत राहिला. बाकीच्या जावयांना सासुरवाडीला पाट, रांगोळी आणि टॉवेल-टोपी मिळते. मला अंगणात पाऊल ठेवल्याबरोबर उलटी सायकल मिळायची.

मामा येडशीला राहायचे आणि जवळच्या सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होते. चिटबॉय म्हणजे गावोगाव शेतांवर हिंडून कुणाचा ऊस तोडणीला आला ते बघणारा आणि त्याला तोडीची चिठ्ठी देणारा माणूस. पन्नाशी गाठली, मिश्या पांढऱ्या झाल्या, भाच्यांची लग्नं लावून झाली, तरी कारखान्याच्या लेखी मामा 'बॉय'च राहिले. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वरची जागा चालून आली होती तीही त्यांनी नाकारली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सायेब झालो की जीपमधी बसवत्यात. अन् जीपचा गिअर डायवरच्या हातात असतो. मग आपुन नुसतं बसून करायचं काय?"

हे गिअरचं खूळ त्यांच्या डोक्यात भरलं ते बहात्तरच्या दुष्काळात. बोअर पाडायच्या यंत्राबरोबर एक गोरा इंजिनियर येडशीला येऊन राहिला होता. त्यानं येताना आपली रेसची सायकल आणली होती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, चाकं काटकुळी आणि नळीला दोन चिमुकले खटके. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि गोऱ्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळं दोघांचं फार चांगलं जमलं. मामांनी त्याला ज्वारीची भाकरी मोडून ठेच्याबरोबर खायला शिकवलं, त्यानं मामांना गिअर शिकवले. जाताना तो सायकल मामांच्या अंगणात उभी करून, दोन्ही हात जोडून निघून गेला. त्या माणसानं जिल्ह्यात किती ठिकाणी जमिनीला भोकं पाडली आणि त्यातल्या कितींना पाणी लागलं कोण जाणे, पण मामांच्या डोक्यात त्यानं जे भोक पाडलं त्याला मात्र जन्मभर पाणी आटलं नाही.

वाचकांनी घाबरू नये, प्रकार अगदी साधा आहे. त्या सायकलीच्या मागच्या चाकाला एकापेक्षा एक मोठी अशी पाच चक्रं होती. हँडलखालून पायडलकडं जी तिरपी नळी उतरते तिच्यावर डावीउजवीकडं एकेक खटका. उजवा खटका आपल्याकडं ओढला की चेन मोठ्या चक्रावर चढते आणि पायडल हलकं होतं. तो सोडला की चेन लहान चक्रावर उतरते आणि पायडल जड होतं. डावा खटका पायडलजवळच्या दोन चक्रांपुरता. एवढंच. मला हे पहिल्याच दिवशी समजलं. मामांना मात्र ते सांगायला उभा जन्म पुरला नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं सहज विचारलं, 'काय हो, ह्या सायकलीला दोन कळा कशाला?' मामांनी पानातले पापड गोळा केले, कमी पडले म्हणून माझ्या आणि पाहुण्याच्या पानातले घेतले, लहान-मोठे करून भातावर उतरंड रचली आणि कुरडईचं वेटोळं उलगडून त्याची चेन केली. मग ती चेन एका पापडावरून दुसऱ्या पापडावर कशी चढते ते दाखवत बसले. वाढपी मठ्ठा घेऊन ताटकळला, पुढची पंगत डोक्यावर येऊन उभी राहिली, नवरीचा बाप हात जोडू लागला, तरी मामांची चेन चौथ्या पापडावरच होती. शेवटी पाहुण्यानंच कुरडई उचलून तोंडात टाकली. "चेन तुटली," मामा खिन्न होऊन म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

गोऱ्यानं दिलेल्या सायकलीचे दोन्ही खटके फ्रान्सचे होते. चार-पाच वर्षांनी त्यातल्या उजव्याचे आटे गेले आणि तिथून मामांचं खरं आयुष्य सुरू झालं. कुणीतरी सांगितलं, मुंबईला नवी जोडी मिळते. मामा म्हणाले, जोडी नको. खटके निवडण्याबाबत त्यांचं एक पक्कं मत होतं. "डावा अन् उजवा एका घरचा नसावा, जावईबापू. एका घरचे असले की दोघं एकाच वक्ताला रुसत्यात. येगळ्या घरचे असले की एक रुसला तर दुसरा सांबाळून घेतो." म्हणून डावा फ्रेंच तसाच ठेवून त्याला शोभेल असा उजवा खटका हुडकणं सुरू झालं. माझ्या बायकोच्या लग्नाला त्यांनी दोन स्थळं पाहिली आणि तिसऱ्याला होकार दिला. खटक्याची किती स्थळं पाहिली याला गणती नाही. पिकावर औषध मारायच्या पंपाचा खटका बसवला, तो पावसाळ्यात गंजला. एका भजनी मंडळाची जुनी पेटी मोडीत निघाली होती, तिची खुंटी बसवून बघितली. ती ओढली की चेन चढायच्या आधी नळी गुणगुणायची. शिलाई मशीनचा एक भाग तर त्यांनी मामींना न विचारताच काढून नेला, आणि मामींना ते चोळीचा खण शिवायला बसल्यावर कळलं. प्रत्येक नवा खटका बसला की मामा दोन दिवस खूष असत. मग चढावर तो हळूच पुढं सरकायचा, पायडल जड व्हायचं आणि मामा खाली उतरून त्याच्याकडं बघत उभे राहायचे, रागावून नव्हे, तर पाहुण्याला काय कमी पडलं असावं अशा चिंतेनं.

तेलाचं वेगळंच. यंत्राचं काळं तेल त्यांना चालत नसे. चेनला आणि खटक्यांना करडीचंच तेल पाहिजे, तेही घाण्याचं. टंचाईच्या दिवसांत मामी भाजीला तेलाचा थेंब मोजून टाकत, आणि अंगणात सायकल अशी चकाकत असे की जणू तिची पाठ नुकतीच चोळून दिली आहे. मामी म्हणत, "आमच्या घरात सायकलीला फोडनी असती, आमटीला नसती." मामा हे ऐकून हसत आणि वाटीत उरलेलं तेल मिशीला लावत.

पुढंही पावसानं डोळे वटारले ती वर्षं आलीच. ऊस उभ्या जागी वाळला, कारखान्याचं धुराडं गार पडलं, गुरं छावणीत गेली. द्यायला चिठ्ठी नाही आणि तोडायला ऊस नाही, तरी मामांची फेरी चुकली नाही. कोणत्या छावणीत वैरण आली, कुणाच्या विहिरीला अजून पोहराभर पाणी आहे, कुणाचा पोरगा पुण्याला कामाला लागला, हे सगळं एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवत ते हिंडायचे. लोक वाट बघायचे. एकदा मी म्हणालो, "मामा, उसाच्या नावानं शिमगा आहे, तुम्ही कशाला उन्हात फिरता?" त्यावर म्हणाले, "ऊस वाळला, खरंय. पन चढ हाय तसाच हिरवागार हाय की."

या सगळ्या खुळाच्या मुळाशी काय आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही मामींच्या गुडघ्यामुळं. लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणात मामा नव्या नवरीला साध्या सायकलवर, कॅरियरवर बसवून रामलिंगाला घेऊन गेले होते. देऊळ खाली दरीत, झाडीत. जाताना उतार, त्यामुळं मामांचा रुबाब राहिला. येताना घाट लागला. अर्ध्यावर मामांच्या पायातलं बळ संपलं, सायकल डुलू लागली, आणि मागून नव्या नवरीनं हळूच विचारलं, "उतरू का?" बाकी काही नाही, हेच दोन शब्द. मामी उतरल्या आणि पुढं दरसाल श्रावणातल्या एका सोमवारी त्या घाटात उतरतच आल्या; मामा सायकल ढकलत पुढं, मामी पदर खोचून मागं. मामींना त्याचं काहीच नव्हतं. मामांना मात्र ते दोन शब्द कुसळासारखे रुतून बसले होते. सायकलीला गिअर आले, तिला बार्शीहून जाडजूड कॅरियर ठोकून घेतलं, पण घाटाच्या अर्ध्यावर उजवा खटका सरकायचा आणि मागून 'उतरू का' यायचंच. आणि आता मामींचा गुडघा सुजून बसला. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. एसटी फाट्यावर सोडते, तिथून उतरून जाणं आणि पुन्हा घाट चढून येणं त्यांच्यानं होणारं नव्हतं. बैल छावणीतून रोड होऊन आलेले, बैलगाडी कुणी जुंपायला तयार नव्हतं. "औंदा घरनंच हात जोडते," असं मामी म्हणाल्या आणि धान्य पाखडू लागल्या. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पुणं गाठलं.

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी जो खटका आणला, तो इटलीचा होता. चांदीसारखा लखलखीत, आणि वजन कमी व्हावं म्हणून तिकडच्या लोकांनी त्याला ओळीनं भोकं पाडलेली. फ्रान्सच्या डाव्याशी त्याचं गोत जुळत नव्हतं, हे तर मामांच्या दृष्टीनं फारच उत्तम. त्यांनी तो एकदा बसवून पाहिला, जिथं ठेवला तिथं दगडासारखा थांबला. मग काढून, रेशमी खणाच्या तुकड्यात गुंडाळून, लाडवाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि मामींना बजावलं, "ह्या डब्यात खास चीज हाय. येळ आली की काढीन. तवर हात लावू नको." श्रावण अजून लांब होता. मधे अधिक महिना होता, आणि तिथंच घात झाला.

अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. मामांना मुलगी नाही, एक मुलगाच, तेव्हा भाचीचा नवरा हाच त्यांचा जावई. मला आणि सौभाग्यवतींना धोंडे जेवायला बोलावणं आलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि जेवणाआधी वाण: ताटात जाळी पडलेले अनारसे, वर दिवा. या महिन्यात जावयाला जे द्यायचं ते जाळीदार असावं अशी रीत आहे. आता टंचाईचा गूळ कसा होता कोण जाणे, पण मामींचे अनारसे त्या दिवशी फसले. एकालाही जाळी पडली नाही; सगळे गुळगुळीत, पोलिसाच्या बिल्ल्यासारखे. मामी रडकुंडीला आल्या. जावयाला बिनजाळीचं वाण कसं द्यायचं? आणि मग त्यांना डबा आठवला. खास चीज, वेळ आली की काढणार, हात लावू नको! माणूस नुकताच पुण्याला जाऊन आला होता आणि अधिक महिना तोंडावर. मामींनी डबा उघडला, खण सोडला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. चांदीची वस्तू, आणि वर जाळीदार! नवरा वेंधळा असला तरी जावयाचं अगत्य विसरला नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती वस्तू अनारशांच्या मधोमध ठेवली, वरून खण झाकला.

मामांनी माझ्या हातात ताट दिलं, तुळशीचं पान ठेवून पळीनं उदक सोडलं, आणि रीतीप्रमाणं वरचा खण दूर केला. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. खटक्याला हळदीकुंकू लागलं होतं. दिव्याची वात चरचरत होती. मामी कौतुकानं म्हणाल्या, "लई झ्याक वस्तू आनली बगा तुमच्या मामांनी. कशाची हाय वो ती?" मामा म्हणाले, "गिअरची." मामींना अर्थ उमजायला थोडा वेळ लागला, आणि उमजल्यावर त्या मटकन खालीच बसल्या. मी ताबडतोब ताट पुढं केलं, "मामा, घ्या हो परत, मला काय करायचाय?" मामा दोन पावलं मागं सरले. "न्हाय न्हाय. उदक सोडलंय. दिलेलं वाण माघारी घ्यायचं म्हंजे काय?" मी म्हणालो, "मग उसना न्या." त्यावर मात्र ते चिडले. "जावयाकडनं उसनं? कारखाना बंद हाय जावईबापू, अब्रू चालू हाय अजून!" वाण परत करायचं नाव काढलं म्हणून घरी येताना बायकोनंही मला वाटभर झापलं, आणि इटलीचा तो खटका आमच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी जाऊन बसला. रोज त्याला फूल मिळू लागलं.

मामांनी बार्शीच्या एका लेथवर पितळेचा खटका करून घेतला. दिसायला देखणा, पण आतून गुळगुळीत. ओढून ठेवला की दहा-वीस हातांवर आपोआप पुढं सरकायचा. निज ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. श्रावण लागला तसा मी बायकोला घेऊन रविवारी येडशीला गेलो. मामांनी माझ्यापुढं उलटी सायकल न ठेवता सुलटी ठेवली, यावरूनच काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं. मामींच्या जागी कॅरियरवर मला बसवून गावाबाहेरच्या चढावर चाचणी होती. चढ लागल्यावर मामांनी एक हात खाली नेऊन पितळी खटका दाबून धरला, दुसऱ्या हातानं हँडल. एका हातानं रेसची सायकल, मागं जावई. आम्ही बोरीच्या झुडपात गेलो. मी कोपर खरचटून घेतलं, मामांच्या धोतराचा बोऱ्या वाजला. दोघं लंगडत घरी आलो. मामा ओसरीवर बसले आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "जाऊ दे. आता न्हाय जमत." बारा गावचे चढ हसत चढणारा माणूस इतक्या साध्या आवाजात हार मानताना बघून मला भडभडून आलं.

मामींनी माझ्या कोपरावर हळद दाबली, सायकलीकडं बघितलं आणि विचारलं, "ह्येला धरूनच ठिवायचं ना? मग म्या धरते."

"कॅरियरवरनं हात पोचंल का तुझा?" मामा म्हणाले.

"मागनं कशाला? पुढं दांडीवर बसते."

माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. त्या काळी येडशीत नवी नवरीसुद्धा नवऱ्याच्या पुढं दांडीवर बसत नव्हती, आणि या तर नऊवारी नेसणाऱ्या, पन्नाशीच्या घरातल्या, सुना-जावई बघितलेल्या बाई. मामा चाचरत म्हणाले, "अगं, लोक काय म्हनतील?" मामी म्हणाल्या, "त्यो चांगला खटका म्या देऊन टाकलाय, ह्यो म्याच धरनार. लोकान्ला काय म्हनायचं ते म्हनू द्या."

सोमवारी सकाळी आम्ही रामलिंगाला गेलो. मामांनी दांडीला घोंगडीची घडी बांधली होती. मी भाड्याच्या सायकलवर मागं; बायको घरीच थांबली. उतारानं जाताना बायाबापड्या रस्त्याच्या कडेला थांबून बघत होत्या, कुणी हसत होतं, कुणी हात जोडत होतं. खाली दर्शन झालं, माकडांनी आमच्या पिशवीतली केळी पळवली, मामींनी देवापुढं जरा जास्त वेळ डोळे मिटले. मग परतीचा घाट. मी सायकल हातात धरून चालतच निघालो. माझ्या साध्या सायकलीला दुसरा मार्ग नव्हता. पुढं मामा आणि मामी. मामींचा डावा हात हँडलवर, उजवा हात खाली वाकून पितळी खटक्यावर. पहिलं वळण आलं आणि मामा ओरडले, "ओढ!" सायकल वर सरकली. जरा सौम्य जागा आली. "सोड!" पुन्हा चढ. "ओढ, ओढ! शाब्बास! बगितलं का जावईबापू, कसं लोन्यावानी चढलं!" श्रावणी सोमवारची गर्दी घाट चढत होती, ती दोन्ही बाजूंना झाली. एक म्हातारा काठी उंचावून म्हणाला, "हाना मामा, दम सोडू नगा!" बघता बघता मागून येणारी सगळी माणसंच 'ओढ' आणि 'सोड' ओरडू लागली. अर्धा घाट आला. त्या जागी वर्षानुवर्षं मामी उतरत आल्या होत्या. सायकल डुलली. मामांची मान ताठ झाली, पिंढऱ्या थरथरू लागल्या, श्वासाचा आवाज मला मागं ऐकू येत होता. ते दोन शब्द आता येणार म्हणून मीच देवाचं नाव घेतलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांचं डोकं मामांच्या छातीला टेकलेलं होतं आणि पदर वाऱ्यानं मामांच्या तोंडावर येत होता. सायकल सावरली. वरच्या वळणावरून ती दोघं दिसेनाशी झाली, आणि गर्दीतून अशी आरोळी उठली की झाडांवरची माकडं गप्प झाली.

मी धापा टाकत फाट्यावरच्या हॉटेलापाशी पोचलो तेव्हा मामा बाकड्यावर बसले होते आणि मामी शेजारी, मोकळ्या हवेत, सगळ्यांसमोर, बशीतून चहा पीत होत्या. भोवती माणसं जमली होती. हॉटेलवाल्यानं गरम भजी पुढं ठेवत विचारलं, "मामा, येवढा घाट डबलशीट! सांगा की, कंच्या गिअरवर काढला?" मी मनात म्हटलं, झालं, आता भज्यांची उतरंड रचली जाणार आणि आपण संध्याकाळपर्यंत घरी जात नाही. पण मामांनी बशी खाली ठेवली, मामींकडं एकवार बघितलं, आणि म्हणाले, "मला काय ठावं? गिअर हिच्याकडं हुता."

त्यानंतर आणखी तीन-चार श्रावण दोघं तसेच गेले. मग मामांनाच दम लागू लागला आणि ते बंद झालं. मामा निवृत्त झाले, निवृत्तीच्या कागदावरही 'बॉय' म्हणूनच झाले, आणि एका हिवाळ्यात कुणाला फारसा त्रास न देता गेले. मामी लातूरला मुलाकडं राहायला गेल्या. मी अधूनमधून जाऊन भेटत असे. असाच एका दुपारी गेलो होतो. बोलता बोलता घाटाचा विषय निघाला आणि मी म्हणालो, "मामी, त्या दिवशी तुम्ही काय अचूक ओढलंत आणि सोडलंत हो! एवढी गर्दी, एवढा चढ, पण एकदाही चुकलं नाही."

मामींनी आत सुनेचा कानोसा घेतला आणि माझ्याकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का? तुमच्या मामांना जिवंतपनी सांगितलं न्हाय. त्या दिशी म्या काय वढलं न्हाय अन् काय सोडलं न्हाय. घाट लागायच्या आदी त्यांनी एकदा वढून माज्या हातात दिलं, म्या डोळे मिटले अन् गच्च धरलं. ते हाटेलापाशी आल्यावरच हात काढला. हे आपले वरडत्यात, वढ, सोड. म्या म्हनलं, वरडू द्यावं. तेवढंच बळ येतंय मानसाला."

म्हणजे सगळा घाट मामांनी एकाच चक्रावर, आपल्या पन्नाशीच्या पायांवर काढला होता, आणि लोण्यासारखं चढलं म्हणून शाबासकी मात्र खटक्याला दिली होती. पुढचे श्रावणही तसेच का, असं मी विचारलं. मामी मान हलवून हसल्या. "परत्येक बारीला तसंच. मला कुटं कळतंय त्यातलं?" मग हसणं थांबलं. त्या मांडीवरच्या ताटातल्या तांदळातून हात फिरवत राहिल्या.

"पोरगा-सून लई चांगली हायती. काय कमी न्हाय," त्या म्हणाल्या. "पन आता वढ म्हनून कुनी वरडत न्हाय बगा, अन् सोड म्हनून बी न्हाय."

मामांची इतकी आठवण मला त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती. मी ताट जवळ ओढलं आणि मामींबरोबर तांदूळ निवडत बसलो.